बेअरिंग हाउसिंग लाइनची फेररचना: प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

४ जून २०२४

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या मशिन शॉपमध्ये बेअरिंग हाउसिंगची लाइन नव्याने आखण्याचे काम आज सुरू झाले. या लाइनवर बिडाच्या कास्टिंगपासून (ओतीव तुकड्यांपासून) चार मापांची हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसवण्याची घरे, तयार होतात. पहिल्या सीएनसी लेथवर (संगणकाने चालणाऱ्या कातकाम यंत्रावर) एक बाजू, दुसऱ्या लेथवर दुसरी बाजू आणि बोअर (मधले मोठे गोल भोक), त्यानंतर व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या संगणकीय यंत्रावर) भोके व आटे, आणि शेवटी बर (कडांवर उरलेले धारदार काटे) काढणे, धुणे व तपासणी, असा कामाचा क्रम आहे. क्रम सरळ असला तरी यंत्रे जशी विकत घेतली तशी रिकाम्या जागेत बसवली गेल्यामुळे एक नग कास्टिंगच्या ढिगापासून पॅकिंगपर्यंत १६४ मीटर फिरतो. आज टेप घेऊन मी ते अंतर स्वतः मोजले.

त्यानंतर दोन हेल्परांना सोबत घेऊन अर्धवट झालेले सगळे नग मोजले. पहिल्या लेथनंतर ५९०, दुसऱ्या लेथनंतर ७३० आणि व्हीएमसीनंतर ३६०, असे एकूण १,६८० नग पडून होते. ग्राहकाची मागणी रोज २४० नगांची आहे. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार मध्ये पडलेल्या मालाला रोजच्या उत्पादनाने भागले की माल सरासरी किती दिवस आत राहतो ते कळते, आणि आमच्याकडे तो आकडा सात दिवस येतो. एका नगावर प्रत्यक्ष काम होते ते मात्र पहिल्या लेथवर १६५, दुसऱ्यावर १८५, व्हीएमसीवर २४० आणि तपासणीला १०० सेकंद, म्हणजे एकूण साडेअकरा मिनिटे. साडेअकरा मिनिटांच्या कामाला सात दिवस का लागतात, याचे उत्तर शोधणे हाच माझ्या दृष्टीने हा प्रकल्प आहे.

७ जून २०२४

आज लाइनची लय ठरवली. आठ तासांच्या पाळीतून जेवणाची ३०, दोन चहांची २० आणि सफाईची १० मिनिटे वजा केली की ४२० मिनिटे उरतात. दोन पाळ्यांची ८४०. त्यांना २४० ने भागले की दर नगाला साडेतीन मिनिटे, म्हणजे २१० सेकंद मिळतात. याला टॅक्ट टाइम म्हणतात. मूळ जर्मन शब्दाचा एक अर्थ संगीतातील ताल असाही आहे आणि तो मला इथे फार समर्पक वाटतो, कारण ग्राहक ज्या तालात माल उचलतो त्याच तालात प्रत्येक यंत्राने चालावे एवढीच ही अपेक्षा आहे.

या ताला​त व्हीएमसी बसत नाही. २४० सेकंदांप्रमाणे तिला रोज ९६० मिनिटे हवीत आणि आहेत ८४०. म्हणून उरलेले काम दुसऱ्या ग्राहकासाठी राखलेल्या व्हीएमसीवर ढकलले जाते व तिथल्या कामाचेही वेळापत्रक कोलमडते. दुसऱ्या लेथला ७४० मिनिटे लागतात, म्हणजे सेटिंगसाठी (यंत्र नव्या मापाला जुळवण्यासाठी) १०० मिनिटे उरतात. परंतु माप बदलताना एका सेटिंगलाच सरासरी ९५ मिनिटे जातात. दिवसाला एकच सेटिंग शक्य असल्यामुळे चार मापांचा फेरा पूर्ण व्हायला कमीत कमी चार दिवस लागतात, आणि सेटिंगचा त्रास वाचवावा म्हणून सुपरवायझर एकेक माप आठवड्याचे एकदम काढून ठेवतात. ढीग इथून तयार होतो. त्याबद्दल आजवर कामगारांना बोलणी खावी लागली, परंतु मोठा लॉट काढण्याचा त्यांचा निर्णय त्या परिस्थितीत बरोबरच होता, हे मी आज कार्यालयातील बैठकीत स्पष्टपणे सांगितले.

१४ जून २०२४

मी काढलेला इंग्रजी यू आकाराचा आराखडा आज सर्वांपुढे ठेवला. यंत्रे जवळ आणायची, मधली ट्रॉली काढून टाकायची आणि नग एकेक करून पुढे द्यायचा, अशी त्याची कल्पना होती. आमच्याकडे सर्वांत जुने असलेले टर्नर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी कागद नीट पाहून एकच प्रश्न विचारला: “दुसऱ्या लेथचं सेटिंग दीड तास चाललं, तर तेवढा वेळ व्हीएमसीवाल्यानं काय करायचं?” आराखड्यात याचे उत्तर नव्हते. सेटिंग लांबलचक असताना यंत्रे एकमेकांना जोडली तर एका यंत्राचा खोळंबा सगळ्यांचा होणार आणि नाइलाजाने मधे पुन्हा ढीग लागणार.

त्यामुळे कामाचा क्रम उलटा करण्याचे ठरले. आधी सेटिंगचा वेळ कमी करायचा, त्यातून लॉट लहान करायचा, मधला माल उतरल्यावर जागा किती मोकळी होते ते पाहायचे, आणि त्यानंतरच यंत्रे हलवायची. मी आराखडा कपाटात ठेवला आहे.

२० जून २०२४

दुसऱ्या लेथच्या एका संपूर्ण सेटिंगचे चित्रीकरण केले. चित्रीकरण कोणाच्या चुका काढण्यासाठी नाही हे आधी सांगितले होते आणि ते पाहायलाही सेटरलाच प्रथम बसवले. ९५ मिनिटांची फोड त्यानेच केली. जॉ (नग पकडणारे जबडे), हत्यारे, गेज (माप तपासण्याची साधने) आणि प्रोग्राम शोधून आणण्यात ३१ मिनिटे, सॉफ्ट जॉ बसवून ते नगाच्या मापाला बोअर करण्यात २६, हत्यारे लावून ऑफसेट (हत्याराच्या जागेची दुरुस्ती) घेण्यात १८, आणि पहिला नग काढून तपासणी विभागाकडून मंजुरी येईपर्यंत २० मिनिटे गेली. पहिल्या ३१ मिनिटांत तो यंत्रापाशी जवळजवळ नव्हताच. स्वतःला शॉपमध्ये इकडून तिकडे चालताना पाहून तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने विचारले की ही सगळी सामग्री आधीचा लॉट चालू असतानाच कोणी आणून ठेवली तर चालेल का. मला जे सांगायचे होते ते त्याने स्वतः मांडल्यामुळे पुढचे काम खूप सोपे झाले.

५ जुलै २०२४

सेटरच्या प्रश्नालाच धरून आजच्या बैठकीत जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांची हकिकत सांगितली. १९५० साली हिरोशिमा येथील मोटार कारखान्यात प्रेसच्या डाय (साचे) बदलण्याचे निरीक्षण करताना, यंत्र थांबवूनच करावी लागणारी कामे आणि यंत्र चालू असताना उरकता येणारी कामे असे दोन वर्ग त्यांनी केले. पुढे १९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसचा चार तासांचा बदल त्यांनी आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणला. आमच्यासाठी तीन मिनिटांच्या विक्रमापेक्षा त्या दोन वर्गांची विभागणी मोलाची आहे, कारण तिला पैसा लागत नाही.

पुढच्या मापाची सर्व सामग्री मांडण्यासाठी भंगारातल्या अँगलपासून एक ट्रॉली बनवली. तिच्या फळीवर प्रत्येक पान्याची, एलन कीची, गेजची आणि जॉच्या संचाची बाह्यरेषा रंगवली आहे, त्यामुळे काय कमी आहे ते लांबूनच दिसते. सामग्री आणण्याची ३१ मिनिटे सहावर आली. जॉच्या संचांवर मापाचा क्रमांक ठोकून घेतल्यामुळे २६ चे १८, आणि हत्यारांची जुळणी आधीच करून ठेवल्यामुळे १८ चे १० झाले. तपासणीत फक्त दोन मिनिटे वाचली. एकूण सेटिंग आता ५२ मिनिटांचे आहे.

२६ जुलै २०२४

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडली आहे. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीकडून येणारे सहकारी कामावर येऊ शकलेले नाहीत आणि त्यांना येण्याचा आग्रह करू नये असे मी कळवले आहे. लाइन आज एका पाळीवर चालली.

या निमित्ताने लाइनच्या रचनेतील एका प्रश्नाचा निर्णय घ्यावा लागला. साठा शक्य तितका कमी ठेवावा हे तत्त्व मला मान्य आहे, परंतु २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक काही दिवस बंद पडली होती, हेही या जागेचे वास्तव आहे. अर्धवट माल हा साठा नव्हेच. पुराच्या दिवशी १,६८० अर्धवट नगांपैकी एकही ग्राहकाच्या उपयोगाचा नसतो आणि पाणी शॉपमध्ये शिरले तर तो सगळाच गंजतो. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात तीन दिवसांचा, म्हणजे ७२० नगांचा, पूर्ण तयार माल ग्राहकाच्या पुण्याजवळील गोदामात ठेवायचा आणि ऑक्टोबर ते मे एक दिवसाचाच ठेवायचा, असे मालकांच्या संमतीने ठरले. ग्राहकानेही होकार दिला. साठा किती असावा याचा आकडा पुस्तकातून घेता येत नाही. तो आपल्या नदीला आणि रस्त्याला विचारून ठरवावा लागतो, असे मला आज फार प्रकर्षाने वाटले.

८ ऑगस्ट २०२४

व्हीएमसीवरील काम. भोक पाडल्यावर त्याची कड मारण्यासाठी वेगळे हत्यार लागत असे आणि हत्यारबदल धरून त्याला २४ सेकंद जात. भोक आणि कड एकाच वेळी मारणारे ड्रिल धार करून घेतले व वेळ २१६ वर आली. उरलेल्या पाच हत्यारबदलांना प्रत्येकी सात सेकंद लागतात; दोन नग धरणारे फिक्स्चर केल्यामुळे ते दोन नगांत वाटले जाऊन दर नगाला सुमारे १७ सेकंद वाचले. आता व्हीएमसी १९९ सेकंदांत नग देते आणि २१० च्या तालात बसते. दोन नग एकदम धरल्याने एकेक नग पुढे देण्याचा नियम मोडतो, हे मला ठाऊक आहे. तरीही नवीन यंत्र घेण्यापेक्षा दोन नगांची जोडी पुढे देणे मी पसंत केले.

हिशेबात मात्र माझी एक चूक राहिली होती आणि ती इथे लिहून ठेवणे आवश्यक आहे. १९९ सेकंदांप्रमाणे २४० नगांना ७९६ मिनिटे लागतात, म्हणजे ४४ मिनिटे उरतात, एवढ्यावर मी समाधानी होतो. गेल्या दोन आठवड्यांच्या नोंदवहीत व्हीएमसीचे किरकोळ थांबे रोज सरासरी ४० मिनिटांचे निघाले, ते मी धरलेच नव्हते. तेव्हा दोन उपाय एकदम करावे लागले. जेवणाची सुट्टी आलटून पालटून घेऊन या एका यंत्राला दोन्ही पाळ्यांत तीस-तीस मिनिटे अधिक मिळवून दिली. टेबलावर पिनांनी अचूक बसणारी पायाप्लेट कायम बसवून फिक्स्चर तिच्यावर ठेवले, त्यामुळे ७० मिनिटांचे सेटिंग सहा मिनिटांचे झाले. आता उपलब्ध ९०० मिनिटांतून काम आणि थांबे वजा जाता ६४ मिनिटे हाती राहतात.

२१ ऑगस्ट २०२४

कपाटातील आराखडा बाहेर काढला आणि त्यातील अर्ध्याहून अधिक भाग रद्द केला. मधला माल ७०० नगांच्या आसपास उतरल्याने दोन रॅकची जागा मोकळी झाली आहे आणि यंत्रे कुठे बसू शकतात याचे चित्रच बदलले आहे. या वेळी कागदावर काही न काढता त्याच मोकळ्या जागेत खडूने यंत्रांच्या पायांच्या रेषा आखल्या, पॅकिंगचे खोके रचून यंत्रांएवढ्या आकृती उभ्या केल्या आणि दोन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांना त्यांतून रिकाम्या हाताने काम करून पाहायला सांगितले.

एका तासात तीन दोष निघाले. व्हीएमसीच्या विद्युत पॅनेलचे दार भिंतीला अडत होते. बिडाच्या चिप्सची ट्रॉली मागून काढायला वाट नव्हती. आणि डावखुऱ्या ऑपरेटरला जड कास्टिंग प्रत्येक वेळी अंग पिळून उचलावे लागत होते. तिसरा दोष कोणत्याही आराखड्यात दिसला नसता. खोके हलवून तिन्ही दुरुस्त केले, आणि कास्टिंगचा बिन कमरेच्या उंचीवर येईल असा स्टँड करायला दिला.

२८ ऑगस्ट २०२४

साप्ताहिक सुट्टीच्या सोमवारी, म्हणजे २६ तारखेला, यंत्रे हलवली. काल दिवसभर लेव्हल, जोडण्या आणि चाचणीचे नग झाले व आज पहिल्या पाळीपासून उत्पादन सुरू आहे. नगाचा प्रवास १६४ मीटरवरून ३८ मीटरवर आला. दोन लेथांच्या मध्ये ३० आणि दुसऱ्या लेथ व व्हीएमसी यांच्या मध्ये ४० नगांपुरतीच घसरपट्टी आहे; पट्टी भरली की मागच्या यंत्राने थांबायचे.

६ सप्टेंबर २०२४

पहिला पूर्ण आठवडा कठीण गेला. पट्टी भरल्यावर थांबायचे, हे वर्षानुवर्षे यंत्र सतत चालू ठेवण्याची सवय असलेल्या माणसाला फार जड जाते. दुसऱ्या पाळीत पट्टीशेजारी जमिनीवर ५० नग रचलेले मला दोनदा सापडले. रागावण्याचे कारण नव्हते, कारण रिकामे उभे राहणे म्हणजे कामचुकारपणा अशीच शिकवण आम्ही सर्वांनी दिलेली आहे.

अवघड गोष्ट समजावण्याचे काम मामांनी केले. तरुणपणी ते इचलकरंजीत मागावर होते. ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, आणि थांबला नाही तर सगळे कापड बाद होते, हे त्यांनी पोरांना सांगितले. टोयोटाच्या पद्धतीचा एक खांब खरोखर तिथूनच आलेला आहे: टोयोटा समूहाचे मूळ संस्थापक साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाचा धागा तुटताच थांबण्याचा गुण पुढे मोटारींच्या कारखान्यात आला. आमच्या तिन्ही यंत्रांवर आता पिवळा दिवा आहे आणि तो लावण्याचा अधिकार ऑपरेटरचा आहे.

बुधवारी त्याचा उपयोग झाला. दुसऱ्या लेथवर बोअर मोठा येऊ लागला आणि १४ नगांनंतर लाइन थांबली. पूर्वी हाच दोष व्हीएमसीसमोरच्या ढिगात आठवडाभर लपून राहिला असता. कारण विचारत गेलो. बोअर मोठा आला कारण ऑपरेटर दर काही नगांनी ऑफसेट वाढवत होता. ऑफसेट वाढवावा लागत होता कारण इन्सर्टची (हत्याराच्या बदलता येणाऱ्या पात्याची) धार झिजत होती. झिजलेली धार बदलली गेली नव्हती कारण ती कधी बदलायची हे आवाजावरून ठरत असे. आणि आवाजावरून ठरत असे कारण आम्ही नगांची संख्या कधी ठरवूनच दिली नव्हती. आता एका धारेला १२० नग ही मर्यादा यंत्राच्या काउंटरमध्ये घातली आहे.

१९ सप्टेंबर २०२४

हा विषय मी जूनमध्येच हाती घ्यायला हवा होता. आमच्याकडे प्रोत्साहन भत्ता यंत्रागणिक नगांवर मिळतो. पट्टी भरल्यावर थांबणाऱ्या पहिल्या लेथच्या ऑपरेटरचा भत्ता त्यामुळे घटला, म्हणजे नवीन पद्धत प्रामाणिकपणे पाळणाऱ्यालाच तोटा झाला. ही रचनेतील चूक होती आणि तिची जबाबदारी माझी आहे. आजपासून भत्ता संपूर्ण लाइनमधून बाहेर पडलेल्या चांगल्या नगांवर सर्वांना सारखा मिळेल आणि ऑगस्टअखेरपासूनचा फरक भरून दिला जाईल. मोकळ्या झालेल्या वेळेमुळे कोणालाही कमी केले जाणार नाही, हे मालकांनी परवाच सहीनिशी फलकावर लावले होते. ते पत्र लागल्यानंतरच्या दोन दिवसांत सुधारणांच्या नऊ सूचना आल्या. त्याआधीच्या तीन आठवड्यांत दोन आल्या होत्या.

११ ऑक्टोबर २०२४

खंडेनवमीच्या पूजेसाठी यंत्रे धुऊन पुसून काढताना पहिल्या लेथच्या मागे कूलंटची बारीक गळती आणि व्हीएमसीच्या एका वायपरची (चिप्स पुसणाऱ्या पट्टीची) फाटलेली कड सापडली. व्हीएमसीचे कव्हर वारंवार अडून होणारे थांबे त्या वायपरमुळेच होते. दरवर्षी या दिवशी यंत्राला हात लावून, आदराने, कोपरान्कोपरा स्वच्छ केला जातो, आणि दरवर्षी काहीतरी सापडते. पाळीच्या अखेरची दहा मिनिटे जमीन झाडण्यातच जात होती. तीच दहा मिनिटे आता आठवड्याच्या सहा दिवसांत यंत्राच्या सहा भागांना वाटून दिली आहेत आणि कोणता भाग कोणत्या दिवशी, याचे कार्ड ऑपरेटरांनी स्वतः लिहिले आहे.

२४ ऑक्टोबर २०२४

पुन्हा सगळी मोजणी केली. अर्धवट माल १८६ नग, म्हणजे पाऊण दिवसाहून थोडा अधिक. त्यातील बहुतेक नग दुसऱ्या पाळीत बनून सकाळच्या तपासणीची वाट पाहणारे आहेत, कारण तपासणी एकाच पाळीत चालते. दुसऱ्या लेथचे सेटिंग २४ मिनिटांवर आले आहे: सामग्री ५, जॉ ८, हत्यारे ४, आणि ऑपरेटरच्या हाती गेज दिल्यापासून पहिल्या नगाची मंजुरी ७ मिनिटे. चारही मापांची हत्यारे टरेटवर (लेथच्या हत्यारे धरणाऱ्या फिरत्या भागावर) कायम जागी ठेवणे, हा यातील सर्वांत मोठा फायदा देणारा बदल सेटरने सुचवला होता.

२४ मिनिटांप्रमाणे रोज चारही मापे काढता येतील, असा आग्रह कार्यालयातून झाला. चार सेटिंगांना ९६ मिनिटे लागतील आणि दुसऱ्या लेथकडे आहेत १००; एखादा इन्सर्ट तुटला तरी दिवस हातातून जाईल. म्हणून रोज दोनच मापे आणि दोन दिवसांचा फेरा ठेवला आहे. सेटिंगला ४८ मिनिटे जातील आणि ५२ थांब्यांसाठी शिल्लक राहतील. थांबे कमी झाल्याचे नोंदवहीत सलग महिनाभर दिसेपर्यंत मी यात बदल करणार नाही.

आता ढीग लाइनच्या आत नसून तिच्या तोंडाशी आहे. कास्टिंग महिन्यातून दोनदा एकदम येतात, आणि एखाद्या हीटमध्ये (भट्टीच्या एका वेळच्या ओतकामात) ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या वायूची पोकळी, असले तर ते दुसऱ्या लेथवर उघडे पडेपर्यंत त्या हीटची सगळी कास्टिंग आमच्या आवारात येऊन पडलेली असतात. फौंड्रीशी (ओतशाळेशी) बोलणे झाले आहे. आठवड्यातून दोन गाड्या पाठवायला ते तयार आहेत, परंतु त्यांच्याकडे पॅटर्न (साचा बनवण्याचा नमुना) बदलायला अर्धी पाळी जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. मंगळवारी, २९ तारखेला, सेटर आणि मामा यांना घेऊन मी तिथे जाणार आहे. त्यांची परवानगी मिळाली तर पॅटर्न बदलण्याचे चित्रीकरण करू, आणि ते पाहायला प्रथम त्यांच्याच माणसांना बसवू.